थांब म्हणणाऱ्या पेशींच्या शेजारी

मी एक जुना पेसमेकर आहे. हृदयाचा नव्हे, मेंदूचा. असे सांगितले की लोक आधी स्वतःच्या छातीवर हात ठेवतात आणि मग गोंधळून डोक्यावर. मित्रांनो, दोन्ही जागा बरोबर आहेत. मला छातीत कातडीखाली बसवतात. माझ्यापासून निघालेली तार मानेतून आणि कानामागून वर जाते, कवटीच्या आत शिरते आणि मेंदूत खोल उतरते. त्या तारेतून मी विजेचे बारीक ठोके पाठवत असतो, एका सेकंदात शंभराहून जास्त. रविवार असो की दिवाळी, मला थांबणे माहीत नव्हते. माझ्याइतके अस्वस्थ कोणी तुम्ही पाहिले नसेल.

माझा जन्म दूरदेशी झाला. टोप्या घातलेल्या, तोंडे झाकलेल्या माणसांनी मला जोडले. टायटॅनियमचे कवच दिले, पोटात बॅटरी ठेवली, कडा गुळगुळीत केल्या. माझा आकार काडेपेटीहून थोडा मोठा. तिथून विमानाने पुण्याला आलो आणि एका रुग्णालयाच्या कपाटात पडून राहिलो. बाजूच्या पेट्या एकेक करून जात होत्या. माझी पाळी आली ती सयाजींच्या नावाने.

सयाजी सांगवीला राहत. मूळचे बार्शीकडचे. तरुणपणी कामासाठी इकडे आले आणि चाकणच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे-हत्यारे बनवण्याच्या खोलीत, ग्राइंडरवर उभे राहिले ते निवृत्तीपर्यंत. ग्राइंडर म्हणजे पोलादाच्या तुकड्याला आरशासारखे सपाट करणारे यंत्र. वर दगडी चाक गरगरते आणि खाली लोखंडी टेबल पुढे-मागे पळते. त्या टेबलात चुंबक असते. कळ फिरवली की तुकडा टेबलाला घट्ट धरला जातो. सयाजी या यंत्रासारखेच कमी बोलत. घरात त्यांची पत्नी इंदुताई बोलायच्या, आणि ते मान हलवायचे. मुलगी निशिगंधा हिंजवडीत नोकरीला लागली आणि तिथल्याच माण गावात राहायला गेली. तिला रोज फोन यायचा. "जेवलीस का? बरं. ठेवतो." संपला फोन. लहानपणापासून तिला वडिलांचे एवढेच शब्द मिळत आले होते.

मग त्यांचा उजवा हात कापायला लागला. आधी चहा सांडला, पुढे शर्टाची बटणे लागेनात, आणि एक दिवस दारातच पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले. डॉक्टरांनी कंपवात सांगितला.

मित्रांनो, त्या वेळी डॉक्टर मॅडमनी निशिगंधाला जे समजावले ते मी तुम्हाला सांगतो, कारण माझे सगळे आयुष्य त्यात आहे. मेंदूतल्या पेशी एकट्याने काही करत नाहीत. त्यांची मंडळे असतात. एक पेशी दुसरीला निरोप देते, दुसरी तिसरीला, आणि निरोप फिरून पहिलीकडे येतो. आपले उठणे, बसणे, रागावणे, लाजणे हे या मंडळांतून चालते. सयाजींची मंडळे एकाच तालात अडकली होती. मिरवणुकीत सगळे ढोल एकाच ठेक्यावर बडवले जावेत आणि शेजारच्याचे बोलणे ऐकू येऊ नये, तसे. मी ठोके देऊन तो ताल मोडायचा होता.

माझी तार जिथे उतरली ते पेशींचे गाव वाटाण्याएवढे आहे. त्या गावाचे मुख्य काम 'थांब' म्हणणे. हात उचलायचा तर जरा थांब, बोलायचे तर जरा थांब, नीट बघ आणि मग कर. एवढ्याशा गावातही निरनिराळ्या आळ्या आहेत. एका आळीत हालचालीचे काम चालते, तर दुसरीत मनाचे. अलीकडच्या संशोधनात या आळ्यांचे नकाशे पुष्कळ बारकाईने काढले गेले आहेत. तरी आळ्यांमध्ये भिंती नाहीत. माझी वीज थोडी जास्त झाली की शेजारच्या आळीत सांडते.

मला चालू केले त्या दिवशी सयाजींचा हात खोलीतल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर शांत झाला. इंदुताईंनी पदर तोंडाला लावला. सयाजींनी स्वतःच्या हाताकडे पाहिले, पालथा केला, उताणा केला, आणि म्हणाले, "आता चहा भरून द्या." माझे असे कौतुक पुन्हा कधी झाले नाही. सोसायटीतले लोक मला बघायला यायचे. सयाजी शर्टाचे एक बटण उघडून कातडीखालचा उंचवटा दाखवायचे.

पुढे दुखणे वाढले. पाय पुन्हा अडखळू लागले म्हणून डॉक्टरांनी माझी वीज वाढवली, आणि नंतर आणखी थोडी. पाय सुटले. त्यांच्याबरोबर जीभही सुटली.

सुरुवातीला घरात आनंदच होता. सयाजी गाणी म्हणू लागले. भाजीवाल्याशी घासाघीस करू लागले. लिफ्टमध्ये भेटेल त्याला घरी जेवायला बोलवू लागले. निशिगंधाला येणारा फोन आता तास-तास चालायचा. "तू झालीस तेव्हा मी सेकंड शिफ्टला होतो. सुपरवायझरला म्हणालो, मुलगी झाली, मी चाललो. तो म्हणाला, पगार कापीन. म्हणालो, काप! नाशिक रस्त्यानं ट्रकमध्ये कांद्याच्या पोत्यांवर बसून आलो." ही हकिगत तिने तोपर्यंत कधी ऐकली नव्हती. ती दर शनिवारी माणहून सांगवीला येऊ लागली. वडिलांच्या समोर मांडी घालून बसायची आणि ते बोलत राहायचे. ती तिसाव्या वर्षी लहान मुलीसारखी म्हणायची, "आणखी सांगा ना, आबा."

पण मित्रांनो, मी त्यांच्या आत होतो. मला माहीत होते की ते बसूच शकत नव्हते. एक हकिगत संपायच्या आत दुसरी धावून यायची. त्यांनी मिक्सर उघडून ठेवला, मग पंखा. पहाटे स्कूटर काढून ते औंधला गेले आणि का गेलो ते त्यांना सांगता येईना. एकदा गॅलरीतली कबुतरांची जाळी बांधायला ते स्टुलावर चढले आणि कठड्याबाहेर वाकले. इंदुताईंनी मागून धोतर धरावे तशी त्यांची पँट धरली.

"बये, डॉक्टरला सांग," त्या मुलीला म्हणाल्या. "हा माणूस झोपत नाही, मला झोपू देत नाही. उद्या खाली पडला तर मी काय करू?"

"आई, इतक्या वर्षांत ते कधी हसले होते का?"

"हसू दे की. जिवंत राहून हसू दे."

"पुढच्या वेळी सांगते."

पुढची वेळ पुढे सरकत राहिली. वीज कमी केली की आपले वडील पुन्हा गप्प होतील, ही भीती निशिगंधाला वाटत होती. इंदुताईंना वेगळी भीती होती. एकाच माणसासाठी दोघी भांडत होत्या आणि त्या माणसाला कोणी विचारत नव्हते. मी तर विचारण्याच्या कामाचाच नव्हतो. मला नुसते बोलता येते. आता म्हणे माझ्या जातीतली नवी यंत्रे निघाली आहेत. ती आधी पेशींची लय ऐकतात आणि तिच्याप्रमाणे वीज कमी-जास्त करतात. मी जुना. पेशींचे ऐकण्याची सोय माझ्यात नव्हती.

अशात खंडेनवमी आली. आमच्या या पट्ट्यात दसऱ्याच्या आदल्या दिवशी कारखान्यांत यंत्रांची पूजा होते. यंत्रे पुसतात, हळदकुंकू लावतात, झेंडूचे हार घालतात, आणि त्या दिवशी त्यांना चालवत नाहीत. जुन्या कामगारांना आमंत्रण असते. निशिगंधा वडिलांना गाडीत घालून चाकणला घेऊन गेली. मोशीपासून कंटेनरच्या रांगेत गाडी अडकली, आणि सयाजी सगळा वेळ बोलत होते.

टूलरूमच्या दारात भिमाजी उभा होता. तो चाकणजवळच्या गावातला आणि सयाजींच्या शेजारच्या यंत्रावर राबलेला.

"या राव, या! वळखलंच न्हाई. तुमी बोलताय व्हय? आमाला वाटलं दुसरंच कोन हाय."

"भिमाजी, लेका, तुझं पोट पोरापेक्षा पुढं आलंय!"

"आता म्होरल्या साली दोन तोंडं बसवा यांना. येक तोंड पुरत न्हाई," भिमाजी म्हणाला आणि सगळे हसले.

सयाजींच्या ग्राइंडरची सजावट भिमाजीने केली होती. टेबलावर नट आवळायचे पाने, कॅलिपर, स्क्रू-ड्रायव्हर अशी हत्यारे उभी रचून त्याने कमळ काढले होते. हत्यारे उभी राहावीत म्हणून चुंबकाची कळ फिरवून ठेवली होती. यंत्र चालवायचे नाही हे सर्वांनी पाळले. चुंबकाला कोणी यंत्र धरले नाही.

सयाजींनी हार वाहिला. मग त्यांच्या अंगाने वर्षानुवर्षे केलेली एक गोष्ट केली. टेबलावर कण राहिला आहे का ते बघायला ते वाकले, गाल टेबलाच्या पातळीला आणून एक डोळा मिटला. अशा सवयींची मंडळेही त्याच खोल भागातून फिरतात. माणूस विसरला तरी त्या विसरत नाहीत. त्यांची छाती, आणि तिच्या कातडीआडून माझे पोट, टेबलाला टेकले. मी जुन्या बनावटीचा. जवळ चुंबक आले की बंद होणे ही माझी रचनाच. मी बंद झालो.

बंद झालो म्हणजे माझे ठोके थांबले. बाहेरचे सगळे ऐकू येत होते.

सयाजी सरळ उभे राहिले. वाक्याच्या मध्येच गप्प झाले. हातातला प्रसादाचा पेढा थरथरला आणि खाली पडला. भिमाजीने त्यांना खुर्चीत बसवले.

"काय झालं, राव? चक्कर आली?"

सयाजींनी नुसती मान हलवली. निशिगंधाने डॉक्टरांना फोन लावला. मॅडमनी विचारले, "जवळ चुंबक आहे का?" भिमाजीने कपाळावर हात मारला. "आरं देवा! कळ मीच फिरवली." मला पुन्हा चालू करायचा रिमोट सांगवीला, देवघराच्या फळीवर होता. "घाबरू नका, पण सावकाश घरी न्या आणि चालू करा. आणि उद्या मला भेटा," मॅडम म्हणाल्या.

परतीची गाडी मोशीच्या अलीकडेच पुन्हा अडकली. सयाजींचा हात मांडीवर कापत होता. जाताना बोलून गाडी डोक्यावर घेतलेला माणूस आता खिडकीबाहेर पाहत बसला होता. निशिगंधाने दोनदा विचारले, "बरं वाटतंय ना?" बऱ्याच वेळाने त्यांचा आवाज आला, बारीक आणि हळू.

"निशे, मी हल्ली लई बोलतो का गं?"

"मला आवडतं, आबा."

पुढची गाडी सरकली, आमची सरकली.

"आतून कुणीतरी ढकलतं. टेबल पळतंय आणि त्याचे अडसर निघालेत, तसं. थांब म्हटलं तरी थांबत नाही."

"पण तुम्ही आनंदात होता."

"होतो. खोटं कशाला बोलू?"

"मग मला सांगितलेलं? कांद्याचा ट्रक वगैरे? ते सगळं मशीनचं होतं?"

या उत्तराला सर्वांत जास्त वेळ लागला. त्यांचे ओठ हलायचे आणि थांबायचे. निशिगंधाला धीर नव्हता, ती स्टिअरिंगवर बोटे आपटत होती. मागचा कंटेनर हॉर्न वाजवत होता.

"खरं होतं ते," सयाजी म्हणाले. "मी जपून ठेवलेलं. द्यायचं होतं तुला, पण माझ्या हातानं."

"वीज कमी केल्यावर द्याल?"

"जमायचं नाही."

"मग कमी नको, आबा. मला नको."

"तुला नको." त्यांनी कापणारा हात दुसऱ्या हाताने धरला. "मला विचार की."

तिने विचारले नाही. नाशिक फाट्यापर्यंत ती रडत होती आणि आरशात बघून डोळे पुसत होती. फाट्याच्या पुलाखाली सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिने पुढे बघतच विचारले, "तुम्हाला काय हवंय?"

"थोडं कापलं तरी चालेल," सयाजी म्हणाले. "पण मी असू दे."

घरी गेल्यावर इंदुताईंनी रिमोट छातीला लावून मला चालू केले. हात थांबला आणि पाच मिनिटांत बडबड सुरू झाली. "भिमाजीचं पोट बघितलंस का, निशे!" ते मोठ्याने हसले. निशिगंधा हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिनेच डॉक्टरांना सगळे सांगितले, स्टुलाचे, स्कूटरचे आणि गाडीतले. सयाजी मध्येमध्ये विनोद करत होते. मॅडमनी त्यांनाच विचारले, "काका, कमी करू?" ते बोलता बोलता अडले. आतून मी ढकलत होतो, तरी त्यांनी मान हलवली. होय.

माझी वीज उतरली. हात थोडा कापू लागला, पाय जरा जड झाले. इंदुताई शांत झोपल्या. शनिवारी निशिगंधा आली की दोघे गॅलरीत बसत. "जेवलीस का?" "हो." "बरं." मग फक्त खालच्या रस्त्यावरची रहदारी. ती बेचैन व्हायची, मोबाइल काढायची, ठेवायची, उठून पाणी प्यायची, परत येऊन बसायची. तिला ती शांतता सोसत नव्हती.

रिमोटवरून वीज एका मर्यादेत वाढवायची मुभा डॉक्टरांनी दिली होती, चालताना फारच अडले तर. एका शनिवारी सयाजींचे पाय ठीक चालत होते, तरी ती रिमोट घेऊन गॅलरीत आली. मित्रांनो, मी तिची बोटे ओळखतो असे नाही, पण रिमोट जवळ आल्याचे मला कळते. तो छातीशी आला आणि तिथेच थांबला.

"आबा, वाढवू? थोडंसं?"

सयाजींनी तिच्याकडे पाहिले. तिने नजर काढली नाही. खाली शाळेची बस आली, मुले उतरली, बस गेली. ती वाट पाहत राहिली.

"नको," ते म्हणाले. आणि मग, कोणी ढकललेले नसताना, "तू बस. बरं वाटतं."

तिने रिमोट परत फळीवर नेऊन ठेवला. त्यानंतर तिच्या बसण्यात फरक पडला. एक प्रश्न विचारून ती थांबायला शिकली. उत्तर कधी यायचे, कधी यायचे नाही. माझे ठोके मात्र तसेच चालले होते. त्या गॅलरीत अस्वस्थ असा मी एकटाच उरलो.

दुसऱ्या हिवाळ्यात सयाजींच्या छातीत कफ साचला. रुग्णालयात ते आठवडाभर होते. मी माझे काम करत राहिलो. पेशींच्या त्या गावात एकेक आळी बंद होत गेली, आणि मी बंद दारांवर ठोके देत राहिलो. मला थांबायला कोणी सांगितले नव्हते.

अग्नी द्यायच्या आधी मला काढावे लागते. आगीत माझी बॅटरी फुटते. भिमाजीला ते पटेना.

"आता कशाला चिराचिरी? अंगाचाच झालाय तो. जाऊ द्या की संगं."

"भिमाजीकाका, स्फोट होतो. तिथल्या माणसांना इजा होईल," निशिगंधा म्हणाली.

"व्हय का?" तो डोळे पुसत म्हणाला. "जिता व्हता तवा मी बंद केला. आता मेल्यावर तुमी करा, पोरी."

डॉक्टर मॅडम आल्या. त्यांनी बॅगेतून त्यांचे यंत्र काढले. "आधी बंद करते, मग काढते."

"मी करते," निशिगंधा म्हणाली. तिने रिमोट आणला होता. तो छातीला लावला. मग ती वाकली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आबा, बंद करू?"

आणि ती थांबली. गाडीत थांबली नव्हती तशी थांबली. मॅडमनी घड्याळाकडे पाहिले आणि हात मागे बांधून उभ्या राहिल्या. भिमाजीने टोपी काढली. कोणीही तिला घाई केली नाही. तिला पुरेसे वाटले तेव्हा तिने कळ दाबली.

आता मी मॅडमच्या टेबलावर असतो. शिकायला आलेली मुले मला हातात घेऊन बघतात आणि मेंदूच्या मंडळांविषयी बोलतात. त्यांच्या वहीत आळ्यांचे नकाशे आहेत, माझ्या वेळेपेक्षा कितीतरी चांगले. मला त्याचा आनंद आहे. पण मित्रांनो, नकाशा हाती आला की आपल्याला त्या गावात मनासारखे बदल करावेसे वाटतात. तुमच्याही घरात कोणी अबोल असेल, कोणी हळू, कोणी जरा कापरे. त्यांना बरे करा, औषध द्या, जमले तर माझ्यासारखे एखादे यंत्रही बसवा. फक्त त्यांना कसे हवे आहे ते त्यांनाच विचारा. आणि विचारून झाले की उठून जाऊ नका. उत्तर येईपर्यंत तिथेच बसा.